दिव्यापलीकडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

मे महिन्याची १२ तारीख जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळली जाते. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. आपल्याकडील परिचर्या महाविद्यालयांत नव्या विद्यार्थिनी हाती दिवा घेऊन त्यांच्या नावाची शपथ घेतात. उत्कृष्ट परिचारिकांना केंद्र सरकार १९७३ पासून जो राष्ट्रीय पुरस्कार देते, तोही त्यांच्याच नावाचा आहे. मात्र ही शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील परिचर्या विद्यालयात तयार झाली. चित्रांत त्यांच्या हाती दिसणारा ग्रीक घाटाचा दिवाही खरा नव्हे; त्यांच्या हाती असे तो तुर्की पद्धतीचा, घडी होणारा साधा कंदील. दीपधारिणीची ही प्रतिमा इतकी उजळ आहे की तिच्या प्रकाशात त्यांचे मूळ कार्यच काहीसे झाकोळून गेले. रुग्णाजवळ अहोरात्र असणाऱ्या माणसाने काय पाहावे, काय स्वतः ठरवावे, काय वैद्याला कळवावे आणि आपण नसताना काय घडेल याची व्यवस्था कशी लावावी, या प्रश्नांना त्यांनी आयुष्य वाहिले होते.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला आणि नगराचेच नाव मुलीला मिळाले. आईवडील श्रीमंत इंग्रज घराण्यातील होते. डर्बिशायर आणि हँपशायर अशा दोन परगण्यांत त्यांची प्रशस्त निवासस्थाने होती. वडील विल्यम नाइटिंगेल विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान घरीच शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. त्या काळच्या कुलीन घरात मुलीची ही आवड कौतुकाऐवजी चिंतेचा विषय ठरे. तरीही ती टिकली आणि पुढे हजारो माणसांच्या जीवितासाठी उपयोगी पडली.

१८३७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या सतराव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे असा अनुभव त्यांना आला. ती सेवा कोणती, हे उमगण्यास काही वर्षे गेली. १८४५ च्या सुमारास त्यांनी सॅलिसबरीच्या रुग्णालयात शुश्रूषा शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखविली, तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये ही गरिबांची जागा होती. ज्यांना घर आणि वैद्य परवडत असे त्यांच्यावर घरीच उपचार होत. रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, कष्टाळू आणि पुष्कळदा मद्यपी स्त्री, अशी समाजाची समजूत होती. चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबरीतील अशी एक परिचारिका तर घरोघरी थट्टेचा विषय झाली होती. नाइटिंगेल घराण्याची कन्या त्या वाटेने जाणार, ही कल्पनाच आईला आणि थोरल्या बहिणीला सोसवेना.

पुढील काही वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कोंडमाऱ्याची ठरली. पहाटे उठून त्या रुग्णालयांचे अहवाल आणि आरोग्यविषयक सरकारी कागदपत्रे वाचत, टिपणे काढत आणि दिवस उजाडला की मेजवान्यांच्या रिवाजात सामील होत. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी आणि संसदसदस्य गृहस्थांनी त्यांना मागणी घातली होती. ते त्यांना आवडतही होते. परंतु संसार आणि अंगीकृत कार्य ही दोन्ही साधणार नाहीत, हे ओळखून १८४९ मध्ये त्यांनी नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरवर्थ येथील सेवासंस्थेत तीन महिने राहून त्यांनी प्रत्यक्ष शुश्रूषेचे शिक्षण घेतले. पुढे १८५३ मध्ये वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली, तेव्हा कोठे त्या स्वतंत्र झाल्या.

त्याच वर्षी लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील, आजारी कुलीन स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी घेतलेले पहिले निर्णय पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नळाने पोहोचावे, जेवण वर नेण्यासाठी दोराने ओढला जाणारा पाळणा असावा आणि रुग्णाने घंटा वाजविली की कोणत्या खाटेवरून हाक आली हे परिचारिकेला तत्काळ कळावे, अशी योजना त्यांनी केली. यामागील हिशेब साधा होता. जिन्याच्या चढउतारात गेलेली परिचारिकेची प्रत्येक घटका ही रुग्णाच्या उशापासून हिरावलेली घटका असते. दुसरा निर्णय अधिक धाडसाचा होता. संस्थेत केवळ अँग्लिकन पंथाच्या स्त्रियांनाच प्रवेश द्यावा, असा चालकांचा कल होता. कॅथलिक, ज्यू, कोणत्याही धर्माच्या रुग्णाला प्रवेश मिळेल आणि तिच्या धर्मगुरूला तिला भेटता येईल, ही अट मान्य करून घेतल्यावरच त्या पदावर राहिल्या.

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाचे युद्ध आरंभिले. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या लंडनच्या टाइम्स पत्रात येऊ लागल्या आणि लोकमत खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या ऑक्टोबरात निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील बराकींच्या प्रचंड रुग्णालयात दाखल झाल्या. तुकडीत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या आणि पगारी परिचारिकाही होत्या.

लष्करी वैद्यांना या स्त्रिया नको होत्या. येथे नाइटिंगेल यांनी जो निर्णय घेतला तो सोबतच्या कित्येकींना मुळीच रुचला नाही. वैद्यांनी मागणी केल्याशिवाय कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही, असा त्यांनी नियम केला. वॉर्डात माणसे कण्हत असताना परिचारिका बाजूच्या खोल्यांत उशा, झोळ्या आणि पट्ट्या शिवत बसल्या. परंतु काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींचे लोंढे आले, वैद्यांचे हात अपुरे पडले आणि बोलावणे आले. अधिकार मोडून आत शिरल्या असत्या तर ही तुकडी आठवड्याभरात परत पाठविली गेली असती. वैद्याची आज्ञा कोठवर आणि परिचारिकेचे स्वातंत्र्य कोठून, ही सीमारेषा त्यांनी तेथे प्रथम आखली.

त्या रुग्णालयातील बहुसंख्य माणसे गोळीने जखमी झालेली नव्हती. हगवण, पटकी, ज्वर, स्कर्व्ही, हिमदंश यांनी ती खंगली होती. अशा माणसाला काय द्यावे, हा तेथील रोजचा प्रश्न होता. मोठाल्या हंड्यांत मांसाचे तुकडे उकळले जात. ज्याच्या वाट्याला हाड येई त्याला हाडच मिळे, आणि आतडी सोललेल्या हगवणीच्या रुग्णासमोरही तेच ताट येई. नाइटिंगेल यांनी पथ्याच्या अन्नासाठी वेगळी स्वयंपाकघरे उभारली. आरारूट, मांसाचे सार, पातळ पेय असे जे ज्याला पचेल ते वैद्याच्या चिठ्ठीनुसार, वेळेवर आणि गरम मिळू लागले. टाइम्सने जमविलेल्या निधीतून आणि स्वतःच्या पैशातून त्यांनी सदरे, भांडी, फरशी घासण्याचे कुंचले खरेदी केले. कपडे धुण्यासाठी घर भाड्याने घेऊन सैनिकांच्या बायकांना त्या कामावर नेमले. रात्री आठनंतर वॉर्डात अन्य कोणत्याही परिचारिकेस प्रवेश नसे. मैलोगणती पसरलेल्या खाटांच्या रांगांतून त्या एकट्या फेरी घालीत. कंदिलाची कथा जन्मली ती याच फेरीतून. मरणाऱ्या सैनिकांच्या आयामायांना पत्रे लिहिण्याचे कामही त्या करीत.

येथवरची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्यांच्या आगमनानंतर स्कुटारीतील मृत्यू कमी झाले नाहीत, उलट त्या हिवाळ्यात वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात पोहोचले. स्वच्छ अंथरूण, वेळेवर अन्न, ममतेचा हात, हे सर्व असूनही माणसे हजारोंनी मरत होती. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. वैद्य जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्याचे प्रमुख सदस्य होते. ही इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. पाण्याच्या वाटेत मेलेली जनावरे पडली होती आणि शौचकूपांची दुर्गंधी वाऱ्याबरोबर वॉर्डात शिरत होती. आयोगाने गटारे धुऊन काढली, घाणीच्या गाड्यांवर गाड्या हलविल्या, भिंतींना चुना दिला, हवेसाठी वाटा पाडल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ वर आले.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा त्या राणीखालोखाल प्रसिद्ध स्त्री होत्या. सत्कार टाळण्यासाठी त्यांनी खोट्या नावाने प्रवास केला. कीर्तीच्या शिखरावर स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने मृत्यूंच्या नोंदी उलगडण्यास आरंभ केला. रोगांनी मेलेल्यांची संख्या जखमांनी मेलेल्यांच्या कित्येक पट होती आणि त्यांतील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते, हे त्या आकड्यांतून स्पष्ट झाले. ज्या रुग्णालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तेच मृत्यूचे आगर होते हे सत्यही त्या आकड्यांत होते. त्यांनी ते दडविले नाही. सैन्य वाचविल्याचे श्रेय त्यांनी स्वच्छता आयोगाला दिले. मंत्र्यांना रकाने वाचण्याचा कंटाळा असतो हे ओळखून त्यांनी महिनावार मृत्यू दाखविणारी, पाकळ्यांसारख्या रंगीत विभागांची वर्तुळाकृती आकृती तयार केली. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडले. उशाशी बसून केलेली शुश्रूषा आवश्यक आहे, पण गटार तुंबलेले असेल तर ती पुरेशी नाही, हा धडा त्यांनी स्वतःच्याच अनुभवाविरुद्ध जाऊन शिकला.

क्रिमियात १८५५ च्या मे महिन्यात त्यांना भयंकर ज्वर आला होता. त्यातून त्या कधीच पूर्ण सावरल्या नाहीत. १८५७ नंतरची कित्येक वर्षे त्यांनी बहुतांश अंथरुणावर किंवा खोलीतच काढली. आजारी माणूस दाराबाहेरची कुजबुज कशी ऐकतो, अचानक झालेल्या आवाजाने कसा दचकतो, समोरची तीच भिंत पाहून कसा शिणतो, हे त्यांना बाहेरून शिकावे लागले नाही. याच अवस्थेत त्यांनी परिचर्येवरील ते छोटे पुस्तक लिहिले, जे १८६० च्या आरंभी वाचकांच्या हाती पडले. ते प्रामुख्याने घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते.

हे पुस्तक आजही वाचनीय ठरते ते त्यातील निर्णयांच्या बारकाव्यामुळे. रुग्णाने ताट तसेच परत पाठविले तर त्याला भूक नाही असे लिहून मोकळे होऊ नये, असे त्या सांगतात. रांधण्यात दोष असेल, पदार्थाची निवड चुकली असेल, वेळ चुकली असेल किंवा खरोखरच भूक नसेल. या चार कारणांवरील उपाय चार वेगळे आहेत. रात्रभर तापाने तळमळलेला माणूस सकाळी घास गिळू शकत नाही. त्याला तासातासाने चमचा चमचा पातळ पदार्थ द्यावा, म्हणजे दुपारी तो जेवू शकेल. न खाल्लेले अन्न पुढे मागे खाईल या आशेने उशाशी ठेवू नये. झोप चांगली लागली का, असे मोघम न विचारता किती तास आणि कोणत्या वेळी लागली हे विचारावे. हगवणीच्या रुग्णाविषयी बरे आहे, असे न सांगता किती वेळा झाले हे सांगावे. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीवर व्रण पडला तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. खिडकी उघडावी, पण रुग्णाला गारठू देऊ नये. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत. भेटीस येणाऱ्यांनी खोटा धीर देऊ नये आणि न मागता औषधे सुचवू नयेत.

या सर्वांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. वैद्य दिवसातून एकदा येतो आणि जे त्याला सांगितले जाते त्यावर निर्णय घेतो. म्हणून परिचारिकेचे निरीक्षण अचूक नसेल तर वैद्याचे ज्ञानही वाया जाते. आणखी एक प्रकरण त्यांनी केवळ व्यवस्थेवर लिहिले. आपण स्वतः सर्व करणे म्हणजे जबाबदारी नव्हे. आपण तेथे नसतानाही ते तसेच घडेल अशी तजवीज करणे ही खरी जबाबदारी होय, हा त्याचा आशय आहे.

जनतेने कृतज्ञतेपोटी जमविलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. विद्यार्थिनींना राहण्याची सोय आणि वेतन होते. त्यांच्या कामाची आणि वर्तनाची नियमित नोंद ठेवली जाई. तेथून शिकलेल्या ॲग्नेस जोन्स यांनी लिव्हरपूलच्या निराधारांच्या रुग्णालयाचा कायापालट केला आणि तेथेच १८६८ मध्ये ज्वराने प्राण सोडला. त्याच वर्षी लूसी ऑस्बर्न काही परिचारिकांसह सिडनीला पोहोचल्या. मोलकरणीच्या पंक्तीत बसविलेले काम एका पिढीत शिक्षित स्त्रीचा व्यवसाय झाले.

भारतात त्या कधी आल्या नाहीत, परंतु आयुष्याची सुमारे चार दशके त्यांनी या देशाच्या आरोग्यप्रश्नाला दिली. येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मिळविली. १८६३ च्या अहवालानुसार तेथे दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरत. दहा वर्षांनी हे प्रमाण १८ वर आल्याचे त्यांनी नोंदविले. मात्र छावणीभोवतीचे गाव आजारी असताना छावणी निरोगी राहू शकत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले आणि त्यांचे लक्ष पाणी, दुष्काळ, पाटबंधारे, गावाची स्वच्छता यांकडे वळले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा स्नेह होता, दादाभाई नौरोजींशी पत्रव्यवहार होता आणि खेड्यांतील आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी विचारविनिमय केला. बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मधील चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या शिक्षणाची सोय केली, तेव्हा परिचर्येच्या या व्यवसायाची वाट मराठी घरांतील स्त्रियांनाही खुली झाली.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोग दूषित हवेतून उद्भवतात या जुन्या समजुतीवर त्यांनी दीर्घकाळ विश्वास ठेवला आणि जंतूंचा सिद्धान्त स्वीकारण्यास फार उशीर लावला. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, या चळवळीला त्यांनी विरोध केला. परीक्षेने माहिती तपासता येते पण वृत्ती नाही, अशी त्यांची भूमिका होती. काळाने ती मान्य केली नाही. जमेका बेटावरून आलेल्या मेरी सीकोल यांना लंडनमधील अधिकाऱ्यांनी या तुकडीत घेण्याचे नाकारले होते. त्या स्वखर्चाने क्रिमियात गेल्या आणि रणांगणाजवळ सैनिकांची सेवा केली. एका दिव्याच्या कथेत त्यांचे नाव दीर्घकाळ विसरले गेले.

अखेरच्या वर्षांत नाइटिंगेल यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील राष्ट्रीय सन्मानाचे दफन कुटुंबीयांनी नाकारले. हँपशायरमधील ईस्ट वेलो येथील चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. त्यांच्यासाठी दगडावर केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.

आज बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात असो वा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, रात्रपाळीची परिचारिका धाप लागलेल्या वृद्धाची मान उंच करते, पक्षाघाताच्या रुग्णाची कूस दर काही तासांनी बदलते, मधुमेहाच्या रुग्णाने न जेवताच औषध घेतले का हे विचारते आणि डॉक्टरांना आताच उठवावे की सकाळपर्यंत थांबता येईल, हे ठरविते. हे निर्णय कोणत्याही छायाचित्रात येत नाहीत. एकेका परिचारिकेच्या वाट्याला किती खाटा येतात, तिने केलेली नोंद कोणी वाचतो का, तिने सांगितलेला गटाराचा वास कोणी मनावर घेतो का, यांवर त्यांचे यश अवलंबून असते. वर्षातून एकदा दिवा लावणाऱ्या समाजाला स्कुटारीच्या त्या हिवाळ्याने विचारलेला प्रश्न हाच आहे.